मुक्त टेक्स्ट एडिटर : प्राप्ती आणि दस्तऐवज

साध्या मजकुराची फाइल उघडून तीत बदल करणाऱ्या प्रोग्रॅमला टेक्स्ट एडिटर म्हणतात. टंक, ठळकपणा, समास अशी मांडणीची माहिती तो फाइलमध्ये साठवत नाही, म्हणून तो वर्ड प्रोसेसरहून वेगळा ठरतो. प्रस्तुत नोंदीत मुक्त परवान्याखालील (वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मोकळीक देणाऱ्या परवान्याखालील) एडिटर, ते मिळवण्याचे मार्ग आणि त्यांची मॅन्युअल यांचा विचार केला आहे. कायद्याच्या दृष्टीने प्रोग्रॅम आणि त्याचे मॅन्युअल या दोन स्वतंत्र कृती आहेत. त्यांचे परवाने वेगळे असू शकतात, आणि त्यामुळे वितरणाच्या वाटाही. एडिटर बसवला, पण मदतीचे पान उघडत नाही, या नेहमीच्या अडचणीचे मूळ बहुधा इथेच असते.

पूर्वपीठिका : मुक्त एडिटरांच्या इतिहासात ईमॅक्स या एडिटरचा उगम सर्वांत वादग्रस्त आहे. डॅन मर्फी यांनी १९६२–६३च्या सुमारास पीडीपी-१ संगणकासाठी टेको हा एडिटर लिहिला. पुढे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेकोवर मॅक्रोंचे (अनेक आज्ञा एकत्र बांधलेल्या छोट्या प्रोग्रॅमांचे) अनेक संच रचले गेले आणि १९७६मध्ये त्यांच्या एकत्रीकरणातून ईमॅक्स आकाराला आला. त्याचे श्रेय काही जण एकट्या रिचर्ड स्टॉलमन यांना देतात. गाय स्टील आणि डेव्हिड मून यांचा वाटा निर्णायक होता, असे इतर काहींचे मत आहे. एकत्रीकरणाचा आरंभ स्टील यांनी केला आणि ते तडीस स्टॉलमन यांनी नेले, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

पहिला मुक्त ईमॅक्स कोणता, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जेम्स गॉसलिंग यांनी १९८१मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीसाठी सी या प्रोग्रॅमिंग भाषेत ईमॅक्स लिहिला. आरंभी त्याच्या प्रती हातोहात फिरत. पुढे त्याचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले. स्टॉलमन यांनी १९८४मध्ये ग्नू या आपल्या मुक्त सॉफ्टवेअर-प्रकल्पासाठी ग्नू ईमॅक्सचे काम हाती घेतले आणि मार्च १९८५मध्ये १३वी आवृत्ती जाहीररीत्या दिली. तिच्या पडद्यावरील चित्रणाच्या भागात गॉसलिंग यांचा कोड होता व त्याला युनिप्रेसने हरकत घेतली. तो भाग नव्याने लिहून जुलै १९८५मध्ये १६.५६ ही आवृत्ती निघाली. परवान्याबाबत काटेकोर राहायचे तर मुक्त ग्नू ईमॅक्सची गणना इथून करणे योग्य ठरेल. त्या काळी तो एमआयटीतील ‘प्रेप’ या यंत्रावरून एफटीपीने (नेटवर्कवरून फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) विनामूल्य उतरवून घेता येई. नेटवर्क नसलेल्यांना १५० डॉलरला चुंबकीय फीत मिळे.

व्हीआय या युनिक्सवरील एडिटरची कथा उलट आहे. बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास रचलेल्या या एडिटरमध्ये केन थॉम्पसन यांच्या ‘ईडी’ एडिटरचा कोड असल्याने युनिक्सची मालकी असलेल्या एटी अँड टी कंपनीच्या सोर्स (मूळ कोड) परवान्याविना तो वाटता येत नसे. परिणामी स्टीव्ही, एल्विस, एनव्हीआय अशी त्याची स्वतंत्र प्रतिरूपे निर्माण झाली. कॅल्डेरा कंपनीने जानेवारी २००२मध्ये जुन्या युनिक्सचा कोड खुला केल्यावर मूळ व्हीआयचा मार्ग मोकळा झाला, पण तोवर विम हे त्याचे दुसरे प्रतिरूप रूढ झाले होते. ब्राम मोलेनार यांनी १९८८मध्ये अमिगा संगणकावर स्टीव्हीच्या आधाराने विमची सुरुवात केली. त्याची पहिली जाहीर आवृत्ती, १.१४, १९९१मध्ये फ्रेड फिश यांच्या फ्लॉपी-संग्रहातून वितरित झाली. नॅनो या एडिटरचा जन्मही परवान्याच्या अडचणीतूनच झाला : पाइन या ईमेल प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या पिको एडिटरच्या वितरणावर निर्बंध असल्याने ख्रिस अ‍ॅलेग्रेटा यांनी १९९९मध्ये त्याचे मुक्त प्रतिरूप लिहिले.

प्राप्तीचे मार्ग : लिनक्सवर आपल्या वितरणाच्या (डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्स-संचाच्या) स्वतःच्या भांडारातून पॅकेज (बसवण्यासाठी तयार केलेला गठ्ठा) घेणे सर्वांत सुरक्षित. डाउनलोड, डिजिटल सहीची पडताळणी आणि पुढील सुरक्षा-सुधारणा हे सारे पॅकेज व्यवस्थापक पाहतो. विंडोजवर विनगेट आणि मॅकवर होमब्रू हे पॅकेज व्यवस्थापक हे काम बऱ्याच अंशी करतात. भांडारातील आवृत्ती मात्र प्रकल्पाच्या ताज्या आवृत्तीहून मागे असू शकते. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून थेट घ्यायचे असल्यास पत्ता शोधयंत्राच्या जाहिरातीतून घेऊ नये. पॅकेजच्या माहितीत किंवा एडिटरच्या ‘अबाउट’ खिडकीत दिलेला पत्ता वापरावा. शोधनिकालांत वर येणाऱ्या डाउनलोड-संग्रहांत अधिकृत इन्स्टॉलरला नको ती सॉफ्टवेअर जोडलेली आढळतात. सोर्सफोर्ज या मान्यवर संकेतस्थळावरही २०१३ ते २०१५ या काळात असे प्रकार झाले, आणि नोटपॅड++ या एडिटरने २०१५मध्ये ते स्थळ सोडले.

विनाशुल्क मिळणारा प्रत्येक एडिटर मुक्त नसतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा सोर्स एमआयटी परवान्याखाली आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मिळणारी तयार प्रत मात्र वेगळ्या, मालकी परवान्याखाली येते. त्याच सोर्समधून बांधलेली मुक्त प्रत व्हीएसकोडियम या नावाने मिळते.

सोर्समधून बांधणी करायची असल्यास गिट भांडारातील (विकासकांच्या चालू कोडची) प्रत आणि प्रकाशित टारबॉल (आवृत्तीच्या फाइलींचा एकत्रित गठ्ठा) यांतील फरक ध्यानात ठेवावा. ईमॅक्सच्या टारबॉलमध्ये बांधणीची पूर्वतयारी करणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट आणि मॅन्युअलची तयार इन्फो-रूपे (एडिटरमध्येच वाचता येणारी रूपे) असतात. गिटच्या प्रतीत ती नसतात, म्हणून ऑटोकॉन्फ व टेक्सइन्फो ही साधने आधी बसवावी लागतात. ‘कॉन्फिगर’ मध्येच थांबते ते बहुधा ग्नूटीएलएस या सुरक्षित-जोडणीच्या लायब्ररीच्या किंवा खिडकी-प्रणालीच्या विकास-फाइली नसल्यामुळे. लायब्ररी आधीच बसवलेली असली, तरी तिचे ‘डेव्ह’ पॅकेज वेगळे घ्यावे लागते. केवळ टर्मिनलपुरता (मजकुरी पडद्यापुरता) ईमॅक्स हवा असेल, तर खिडकी-प्रणाली वगळण्याचा पर्याय देऊन बांधणी पुष्कळ सोपी होते.

पडताळणी : डाउनलोडसोबत दिलेला एसएचए-२५६ अंक (फाइलीवरून काढलेला ठसा) जुळला, तर फाइल वाटेत बिघडली नाही इतकेच सिद्ध होते. अंक आणि फाइल एकाच सर्व्हरवर असतील, तर सर्व्हर ताब्यात घेणारा दोन्ही बदलू शकतो. ही शंका केवळ तात्त्विक नाही. ग्नूच्या एफटीपी सर्व्हरमध्ये मार्च २००३मध्ये घुसखोरी झाली होती आणि ती जुलैअखेरीस उघड झाली. त्यानंतर तिथे चढवल्या जाणाऱ्या फाइलींना जीपीजी या साधनाने केलेली डिजिटल सही सक्तीची झाली. टारबॉलच्या शेजारी त्याच नावाची ‘सिग’ विस्ताराची छोटी फाइल असते. दोन्ही उतरवून, ग्नूची चाव्यांची जुडी आयात करून, जीपीजीला सही तपासायला सांगावे. चावी विश्वासार्ह म्हणून प्रमाणित नाही, असा इशारा बहुतेकांना येतो. त्याचा अर्थ सही चुकली असा नव्हे; त्या चावीशी आपला विश्वासाचा दुवा जोडलेला नाही, एवढाच आहे. ‘बॅड सिग्नेचर’ असे दिसल्यास मात्र फाइल वापरू नये. प्रथम ती दुसऱ्या मिररवरून (त्याच फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) पुन्हा घ्यावी, कारण अर्धवट डाउनलोडनेही हाच संदेश येतो.

दस्तऐवज : ईमॅक्सचे मॅन्युअल ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली असून त्यातील काही प्रकरणे, उदाहरणार्थ ग्नू जाहीरनामा, अपरिवर्तनीय ठरवलेली आहेत. अशी प्रकरणे असलेला दस्तऐवज मुक्त मानता येत नाही, असा निर्णय डेबियन प्रकल्पाने २००६मध्ये मतदानाने घेतला. त्यामुळे डेबियनवर ईमॅक्स बसवला, तरी मॅन्युअल येत नाही, आणि कंट्रोल-एच व त्यानंतर आर (मॅन्युअल उघडण्याच्या कळा) दाबल्यावर इन्फो फाइल सापडत नसल्याचा संदेश मिळतो. उपाय असा : भांडारांच्या यादीत ‘नॉन-फ्री’ विभाग जोडावा, यादी ताजी करावी आणि ‘ईमॅक्स-कॉमन-नॉन-डीएफएसजी’ हे पॅकेज घ्यावे. शिकवणी (कंट्रोल-एच, टी) आणि प्रत्येक कळीचे वर्णन (कंट्रोल-एच, के) प्रोग्रॅमसोबतच येतात. त्यांना या निर्णयाची झळ बसली नाही.

विमची अडचण परवान्याची नसून आकारमानाची आहे. डेबियन व उबुंटूच्या किमान मांडणीत ‘विम-टायनी’ असतो आणि त्यात मदतीच्या फाइली नसतात. पूर्ण ‘विम’ पॅकेज घेतले की ‘विम-रनटाइम’ सोबत येते, आणि ‘हेल्प’ आज्ञा व सुमारे अर्ध्या तासाची ‘विमट्यूटर’ शिकवणी चालू लागते. अनेक कंटेनर-प्रतिमांमधून (प्रोग्रॅम वेगळे चालवण्यासाठीच्या छोट्या तयार संचांमधून) मॅन-पाने (मॅन्युअलची पाने) मुद्दाम वगळलेली असतात. तिथे नॅनोच्या अंतर्गत मदतीवर (कंट्रोल-जी) भागवावे लागते, आणि नॅनोच्या सेटिंग्ज-फाइलीचे मॅन-पान दुसऱ्या यंत्रावर वाचावे लागते.

जालावरचे मॅन्युअल सहसा ताज्या आवृत्तीचे असते. त्यातील एखादा पर्याय चालत नसेल, तर प्रथम आपल्या एडिटरची आवृत्ती पाहावी. प्रोग्रॅमसोबत आलेले मॅन्युअल त्याच आवृत्तीचे असल्याने तेच प्रमाण मानावे. ग्नूच्या संकेतस्थळावर ईमॅक्सचे मॅन्युअल एचटीएमएल, पीडीएफ आणि इन्फो या रूपांत उपलब्ध आहे.

देवनागरी : ईमॅक्सच्या २७व्या आवृत्तीपासून (२०२०) अक्षरजुळणीसाठी हार्फबझ लायब्ररीचा वापर पसंतीचा ठरला आहे, त्यामुळे खिडकीतील ईमॅक्समध्ये जोडाक्षरे नीट दिसतात. टर्मिनलमधील विम व नॅनोमध्ये ही जुळणी टर्मिनलवर अवलंबून असते, आणि कर्सर अक्षरापासून सरकलेला दिसू शकतो. दोष केवळ चित्रणाचा असतो. यूटीएफ-८ फाइलीतील मजकूर शाबूत राहतो.