करमाफी, परतावा, अनुदान : तीन शब्दांचा गुंता

राज्य सरकार कलेवर किती खर्च करते, असा प्रश्न पडला की अर्थसंकल्पात लोक लेखाशीर्ष (जमाखर्चाच्या विषयवार नोंदीचा क्रमांक) 2205 उघडतात. ‘कला व संस्कृती’ हेच त्याचे नाव. नाट्यगृहाची इमारत बांधायची असेल तर तो भांडवली खर्च 4202 खाली जातो. मात्र मराठी चित्रपट आणि नाटक यांना कित्येक दशके जी मदत मिळत आली, तिचा मोठा भाग या दोन्ही शीर्षांत सापडत नाही. तो जमेच्या बाजूला आहे, 0045 या शीर्षाखाली, जिथे करमणूक शुल्क जमा होत असे. नेमके सांगायचे तर तो तिथेही नाही, कारण तो जमाच झाला नाही. न आलेल्या पैशाला अर्थसंकल्पात ओळ नसते. कलेवरच्या सरकारी खर्चाचा ‘आर्थिक लाभ’ सांगणारे बरेचसे आकडे घसरतात ते इथेच.

राजाश्रयाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 1843 साली सांगलीच्या दरबाराच्या आधाराने मराठी नाटक उभे राहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापूर संस्थानाने बांधलेले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मधल्या आगीपर्यंत वापरात होते. दरबाराच्या मदतीला ना नियम होता ना हिशेब. एक लहर होती, आणि ती फिरली की मंडळी दुसऱ्या गावाचा रस्ता धरत. आजच्या चर्चेला त्यातून फारसे काही मिळत नाही. खरी सुरुवात 1923 च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमापासून धरावी. सरकारचा करमणुकीशी कायमचा संबंध जोडला गेला तो मदत देण्यासाठी नव्हे, कर घेण्यासाठी. कायद्यात शब्द ‘शुल्क’ आहे, बोलण्यात मात्र सगळे ‘करमणूक कर’च म्हणतात. हा घोळ तेव्हापासूनचा.

राज्यघटनेने करमणुकीवरील कर राज्यसूचीच्या 62 व्या नोंदीत घातला, म्हणजे पूर्णपणे राज्याच्या हाती दिला. दर वाढत वाढत महाराष्ट्रात महानगरांत 45 टक्क्यांपर्यंत गेला. इतका चढा कर असला की त्यातली सूट हीच मोठी देणगी ठरते. 1960 नंतर राज्याने साहित्य-संस्कृतीसाठी मंडळ नेमले, हौशी नाट्यस्पर्धा भरवल्या, वृद्ध कलावंतांना मानधन दिले, 1977 मध्ये गोरेगावला चित्रनगरी उभी केली. या सगळ्यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. पैशाच्या भाषेत मात्र लक्ष द्यायला हवे ते करमणूक कराकडे.

1970 च्या दशकात मराठी चित्रपटांसाठी करपरतावा योजना आली. तिची रचना आजही नीट समजून घेतली जात नाही. प्रेक्षक पूर्ण तिकीट भरायचा. चित्रगृहचालक त्यातले शुल्क सरकारकडे भरायचा. निर्मात्याने पुढचा मराठी चित्रपट पूर्ण केला की आधीच्या चित्रपटावर जमा झालेले शुल्क त्याला परत मिळायचे. म्हणजे ही मदत पुढच्या कामाशी बांधलेली होती आणि तिची रक्कम प्रेक्षक ठरवत होते. समितीने गुण द्यायचा प्रश्नच नव्हता. ज्याचा चित्रपट चालला त्याला भरपूर, ज्याचा पडला त्याला जवळपास काही नाही.

दोष उघड होते. पहिलाच चित्रपट करणाऱ्याला सुरुवातीला यातून काही मिळत नसे. पैसे अडकलेले असल्याने दुसरा चित्रपट घाईने आणि स्वस्तात उरकण्याकडे कल होई, कारण परतावा सुटायला तो ‘पूर्ण’ होणे पुरेसे होते. शिवाय दावा उभा राहायचा तो चित्रगृहांच्या हिशेबावर. रोजच्या गल्ल्याचा तक्ता खोटा असेल, तिकिटे न फाडताच प्रेक्षक आत सोडले असतील, तर सरकारचा कर बुडायचा आणि त्याच वेळी निर्मात्याचा परतावाही. एरवी करचुकवेगिरीकडे काणाडोळा करणाऱ्या निर्मात्याला इथे मात्र चित्रगृहाने प्रामाणिकपणे कर भरावा असे वाटत असे. योजनेचा हा गुण तिच्या कर्त्यांनी मुद्दाम योजला होता की आपसूक आला, कोण जाणे, पण पुढच्या एकाही योजनेत तो नाही.

पुढे मराठी चित्रपटांना करमाफी मिळाली. वरकरणी परतावा आणि माफी म्हणजे एकच, कर शेवटी सरकारकडे राहत नाही. पण पैसा कोणाच्या खिशात जातो ते पाहावे. तिकिटाची मूळ किंमत 200 रुपये धरू. 45 टक्के शुल्क 90 रुपये, एकूण 290. परताव्यात हे 90 रुपये फिरून निर्मात्याकडे येतात, सगळेच्या सगळे, उशिरा का होईना. माफीत दोन शक्यता असतात. चालकाने तिकीट 200 वर आणले तर फायदा प्रेक्षकाचा, आणि तो 31 टक्क्यांचा. त्याने तिकीट 290 लाच ठेवले तर हे 90 रुपये निव्वळ गल्ल्यात मिसळतात आणि त्याची वाटणी होते. वितरकाचा शेअर पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा, पुढे उतरता. म्हणजे मराठी चित्रपटाच्या नावाने सोडलेल्या 90 रुपयांतले 45 किंवा त्याहून जास्त चित्रगृहात राहतात. ‘सरकारने मराठी चित्रपटाला इतके दिले’ असे म्हणताना हा वाटा कोणी वजा करत नाही.

याच सुमारास, 2001 मध्ये, मल्टिप्लेक्स बांधणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आली. पहिली तीन वर्षे शुल्क पूर्ण माफ, पुढची दोन वर्षे फक्त 25 टक्के भरायचे. कारण असे दिले गेले की चित्रगृहांतली गर्दी ओसरली आहे आणि नवी संकुले उभारायला भांडवल फार लागते. यातून एक वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न साधा दिसतो: चालकाकडे राहिलेली ही रक्कम भांडवली जमा की महसुली? महसुली असेल तर तिच्यावर आयकर लागतो, भांडवली असेल तर नाही. आयकर खात्याचे म्हणणे असे की पैसा चित्रगृह सुरू झाल्यावर, रोजच्या तिकिटातून येतो, बांधकामावर खर्च करण्याची सक्तीही नाही, तेव्हा ती धंद्याचीच कमाई. चालकांचे म्हणणे असे की योजना बांधकामाला चालना देण्यासाठी होती, पैसा कधी आणि कोणत्या वाटेने आला हे गौण.

डिसेंबर 2017 मध्ये निकाल चालकांच्या बाजूने लागला. न्यायालयाने उद्देशाची कसोटी लावली: मदत कोणत्या स्वरूपात आणि केव्हा मिळाली हे न पाहता ती कशासाठी दिली ते पाहायचे. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत आहे. मात्र त्याचा एक अर्थ असा की करमणूक शुल्कातली ती सूट कलेसाठी नव्हती, इमारतींसाठी होती, आणि हे सरकारच्या उद्देशपत्रातच लिहिलेले होते. तरीही मनोरंजन क्षेत्राला दिलेल्या मदतीची बेरीज करताना ही रक्कम बिनदिक्कत ‘कलेला प्रोत्साहन’ या रकान्यात घातली जाते. निकाल येईपर्यंत कायदाही बदलला होता. 2015 च्या वित्त अधिनियमाने उत्पन्नाच्या व्याख्येत नवे कलम घातले. निर्धारण वर्ष 2016-17 पासून सरकारकडून मिळणारी सबसिडी, अनुदान, रोख प्रोत्साहन, माफी, सवलत, परतावा, सगळे काही उत्पन्नात धरले जाते. अपवाद राहिला तो मालमत्तेच्या किमतीतून आधीच वजा केलेल्या रकमेचा. ज्या शब्दांचे अर्थ वेगळे ठेवण्यासाठी इतका खटाटोप झाला, ते सगळे एका ओळीत कोंबून कायद्याने वाद मिटवला. निर्मात्यांसाठी व्यवहारातला अर्थ असा की अनुदानाचा धनादेश म्हणजे निव्वळ हातात येणारी रक्कम नव्हे. चित्रपट नफ्यात असेल तर तिच्यावरही कर बसतो.

अनुदान हा तिसरा प्रकार. दर्जेदार मराठी चित्रपटाच्या योजनेत सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेला पूर्ण चित्रपट समितीपुढे जातो, गुण मिळतात, आणि ‘अ’ दर्जाला 40 लाख व ‘ब’ दर्जाला 30 लाख रुपये अशी ठरावीक रक्कम मिळते. इथे गल्ल्याचा संबंध सुटला. चित्रपट कोणी पाहिला नाही तरी अनुदान मिळू शकते, आणि तुफान चालला तरी नाकारले जाऊ शकते. कलेच्या बाजूने पाहता यात गैर काही नाही, चांगला पण न चाललेला चित्रपट जगायला दुसरा मार्ग नसतो. पण रक्कम चित्रीकरण संपल्यावर येत असल्याने ती भांडवल म्हणून उपयोगी पडत नाही. निर्माता आधी उसनवारी करतो. 40 लाख दरसाल 18 टक्के सरळव्याजाने दोन वर्षे अडकले तर व्याजच 14 लाख 40 हजार होते, म्हणजे हाती राहतात 25 लाख 60 हजार. उशीर समितीच्या बैठकांत होतो, तसाच निधी वितरणातही होतो. तरतूद मंजूर असली तरी ती टप्प्याटप्प्याने खुली होते. 31 मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते आणि राहिलेले दावे पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर किंवा पुरवणी मागणीवर (वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा तरतुदीवर) ढकलले जातात.

अनुदानाची एक बाजू मात्र परतावा-माफीपेक्षा उजळ आहे, ती म्हणजे ते दिसते. विधिमंडळापुढे मागणी म्हणून येते, लेखापरीक्षणात सापडते. दिसणारा खर्च कापणेही सोपे, हे ओघानेच आले.

1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर (जीएसटी) आला आणि जुनी घडी मोडली. 101 व्या घटनादुरुस्तीने 62 वी नोंद आक्रसली. करमणूक कर आता फक्त पंचायत, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांनी लावून वसूल केला तरच. मराठी चित्रपटावर आदल्या दिवशीपर्यंत शून्य असलेला कर 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला 18 आणि त्यावर 28 टक्के झाला. जानेवारी 2019 पासून हे दर 12 आणि 18 झाले, आणि सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंत 5 टक्के. ‘टॅक्स फ्री’ हा शब्द जाहिरातीत टिकून आहे, पण त्याचा अर्थ बदलला. जीएसटीतला अर्धा वाटा केंद्राचा असल्याने राज्य सोडू शकते तो फक्त स्वतःचा अर्धा, तोही भरपाईच्या रूपाने. 200 रुपयांच्या तिकिटावर 18 टक्क्यांनी 36 रुपये कर, त्यातला राज्याचा 18. प्रेक्षक 236 ऐवजी 218 देतो, सूट जेमतेम साडेसात टक्के. जुन्या 31 टक्क्यांशी तुलना केली की ‘टॅक्स फ्री’ने आता गर्दी का वाढत नाही ते कळते.

पैशाशिवायची मदतही झाली, ती जीएसटीच्या थोडी आधीची. एप्रिल 2015 मध्ये मल्टिप्लेक्सनी सायंकाळी 6 ते 9 च्या वेळात मराठी चित्रपट दाखवावेत असे जाहीर झाले, आणि थोड्याच दिवसांत ती वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी सैल झाली. सरकारच्या तिजोरीतून छदामही न जाता दिलेली ही सवलत. किंमत चालकाने मोजायची.

नाटकाचे गणित वेगळे. माणशी 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे (सुरुवातीला मर्यादा 250 होती, जानेवारी 2018 मध्ये वाढली). एक रुपया वर गेला की 18 टक्के पूर्ण रकमेवर लागतात. 501 चे तिकीट 591 रुपयांना पडते, म्हणून पहिल्या रांगा 500 वर अडकून बसतात. माफीचा दुसरा काटा असा की विक्रीवर कर नसल्याने खरेदीवरचा करही वजा करता येत नाही. ध्वनी आणि प्रकाशयोजनेचे भाडे, होर्डिंग, यावरचे 18 टक्के थेट प्रयोगाच्या खर्चात पडतात. कलाकारांची नाइट (दर प्रयोगाचे मानधन), बॅकस्टेजचे पैसे, सेटचा टेम्पो आणि दौऱ्याची बस यांचा खर्च प्रेक्षक पन्नास असोत वा आठशे, तेवढाच. चार वादकांच्या मैफलीला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, हे 1960 च्या दशकात दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी मांडले ते इथे तंतोतंत लागू पडते. प्रयोगामागे अनुदान देण्याची पद्धत म्हणूनच नाटकाला एकरकमी मदतीपेक्षा जास्त मानवते: दौरा लांबतो, आणि तिकीटविक्री नसलेल्या गावीही प्रयोग लागतो.

आर्थिक लाभाच्या दाव्यांकडे वळू. नेहमीची मांडणी अशी: दोन कोटींचा चित्रपट झाला, त्यातून हॉटेल, वाहने, जेवण, सुतार, इलेक्ट्रिशियन यांना काम मिळाले, तो पैसा पुन्हा फिरला, गुणक (एका रुपयाच्या खर्चातून एकूण किती रुपयांची उलाढाल होते ते प्रमाण) लावून चार-पाच कोटींची उलाढाल. यातल्या तीन चुका सारख्या दिसतात. एक, अनुदान नसते तर तो चित्रपट झालाच नसता, हे गृहीत धरलेले असते. रक्कम चित्रपट पूर्ण झाल्यावर मिळणार असेल तर हे गृहीतक आणखीच लंगडे होते. दोन, राज्याबाहेर जाणारा खर्च वगळला जात नाही. व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्ये) दुसऱ्या राज्यातून करून घेतले तर त्या पैशाचा गुणक इथे लावायचा कशाला? तीन, निर्मितीखर्चावर भरलेला जीएसटी राज्याचे उत्पन्न म्हणून धरला जातो. पण निर्माता, वितरक आणि चित्रगृह या साखळीत तो पुढच्या करातून वजा होतो. राज्याकडे अखेर राहतो तो प्रेक्षकाने तिकिटावर भरलेल्या करातला अर्धा वाटा. त्याची परतफेड ‘टॅक्स फ्री’च्या नावाने केली, तर त्या चित्रपटाच्या तिकिटांवरून राज्याला मिळणारा करही शून्यावर येतो, आणि ही रक्कम 2205 च्या आकड्यात शोधून सापडेलच असे नाही.