टर्बो निवतो कशाने? इंटरकूलरने नव्हे

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून वर आलो तेव्हा गाडीतल्या सतरा जणांपैकी निम्म्यांना चहा हवा होता आणि उरलेल्यांना नुसती मोकळी हवा. ड्रायव्हरने टपरीसमोर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, दार उघडून दिलं, पण किल्ली काही फिरवली नाही. इंजिन आपलं घरघरत राहिलं. पुढच्या सीटवर आमच्या नात्यातले एक काका होते, जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिलेले. त्यांना ते बघवेना.

"अरे, बंद कर की. डिझेल काय फुकट मिळतं?"

"दोन मिनिटं, काका. टर्बो निवतोय."

"मग इंटरकूलर कशाला बसवलाय? मागच्या काचेवर एवढं मोठं लिहिलंय ना, 'टर्बो इंटरकूलर'!"

ड्रायव्हर नुसता हसला. सवय त्याची बरोबर होती, कारण मात्र सांगता येत नव्हतं. आणि काकांचं तरी काय चुकलं? नावच असं आहे की कोणालाही वाटावं, टर्बो तापतो आणि त्याला गार करायला कूलर दिलाय. गॅरेजमध्येही ही गल्लत सर्रास ऐकू येते, आणि तिथे ती महाग पडते.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. इंटरकूलर टर्बोला गार करत नाही. टर्बोने तापवलेल्या हवेला गार करतो. टर्बोचं स्वतःचं अंग निवतं ते इंजिन ऑइलने, आणि काही गाड्यांत त्याच्या जोडीला कूलंटने, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याने.

आधी हवेचं बघू, ते सोपं आहे. सायकलच्या पंपाने ट्यूब भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, तसंच इथे. बाहेरची हवा ३० अंशांची धरली आणि टर्बोने तिचा दाब दुप्पट केला, तर ती साधारण १२० अंशांच्या पुढे जाते. गरम हवा विरळ असते. म्हणजे कष्टाने दाबून भरलेली हवा सिलिंडरमध्ये जाईतो पुन्हा फुगून बसते. ती वाटेत ५५ अंशांवर आणली तर त्याच जागेत सुमारे पाचवा हिस्सा जास्त हवा मावते. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल नीट जळणार, चढणीला गाडी उठणार, धूर कमी. ज्वलन थोडं थंड झाल्याने नायट्रोजन ऑक्साइडही कमी. हे काम करणारी अॅल्युमिनियमची जाळी बहुतेक व्हॅनमध्ये पुढे, रेडिएटरच्या जवळ असते. तिच्यात तेल नाही, पाणी नाही. आतून दाबलेली हवा, बाहेरून रस्त्यावरचा वारा, एवढंच. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत एक जाड नळी आणि तिथून इंजिनपर्यंत दुसरी, इतकाच टर्बोशी तिचा संबंध.

आता टर्बो. १९०५ साली स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. गाभा आजही तोच आहे. एकाच दांड्यावर दोन चाकं. एका चाकावर सायलेन्सरकडे निघालेला धूर आपटतो, दुसरं हवा ओढून दाबतं. घाटात पूर्ण लोडवर डिझेलचा धूर ७०० ते ८०० अंशांचा असतो, त्यामुळे टर्बाइनचं ओतीव लोखंडाचं घर काळोखात लालसर दिसू शकतं. तिथून चार बोटांवर बेअरिंग. त्यात बोटापेक्षा बारीक दांडा मिनिटाला दीड लाख फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला अडीच हजार. हा दांडा धातूवर टेकतच नाही. तो ऑइलच्या केसापेक्षा पातळ थरावर तरंगत असतो.

म्हणून या ऑइलला दोन कामं: दांडा तरंगत ठेवायचा आणि टर्बाइनकडून सरकत येणारी धग उचलून खाली न्यायची. बारीक नळीतून दाबाने ऑइल वरून येतं आणि जाड नळीतून आपल्या वजनाने ऑइल पॅनमध्ये उतरतं. परतीच्या नळीत ढकलणारं कोणी नाही, हे लक्षात ठेवा. पुढे त्यावरच एक गोष्ट आहे.

घाटमाथ्यावर ड्रायव्हरने लगेच किल्ली फिरवली असती तर पंप थांबला असता आणि ऑइलचा प्रवाह तुटला असता. लोखंडी घरातली धग कुठे जाणार? ती दांड्यातून बेअरिंगकडे सरकते. इंजिन बंद झाल्यावर बेअरिंग आधी होतं त्याहून जास्त तापतं ते यामुळे. तिथे अडकलेलं ऑइल करपतं. करपलेल्या कढईच्या बुडाशी जसा काळा थर बसतो तसाच कडक थर ऑइलच्या बारीक वाटांत बसतो. एकदा झालं म्हणून काही बिघडत नाही. पण हंगामभर रोज झालं तर वाटा बुजतात.

आणि ती दोन मिनिटं काय करतात? डिझेल इंजिन न्यूट्रलला उभं असताना डिझेल थेंबभर घेतं आणि हवा भरपूर, त्यामुळे त्याचा धूर बराच थंड असतो. तोच धूर टर्बाइनमधून जाताना चाकाला आतून वारा घालतो. वर ऑइल फिरत असतंच. भट्टी विझवून भाता चालू ठेवल्यासारखं. पेट्रोल टर्बोचा धूर ९५० अंशांच्या आसपास जातो, म्हणून त्यांना बहुधा कूलंटचा फेरा देतात. डिझेल व्हॅनमध्ये अनेक टर्बो नुसत्या ऑइलवर आहेत. कूलंटचा फेरा असेल तर इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर चढतं, गार पाणी त्याची जागा घेतं आणि पंपाशिवाय थोडा वेळ धग निघत राहते. आपल्या टर्बोला दोनच नळ्या आहेत की चार, हे एकदा बॉनेट उघडून बघून ठेवा.

मात्र प्रत्येक थांब्यावर गाडी चालू ठेवणं हा निव्वळ देखावा. आम्ही उलटे आलो असतो, कराडकडून घाट उतरून चिपळूणला, तर खाली पोचेपर्यंत टर्बो निवलेलाच असता. उतारावर पाय एक्सलेटरवर नसतो, नुसती हवा आरपार जाते. बाजारपेठेतून रखडत आलेल्या गाडीचंही तेच. चढण, भरलेली गाडी किंवा हायवेवरचा सुसाट पल्ला, आणि लगेच थांबा, एवढ्याच वेळी एक-दोन मिनिटं द्यायची. दहा नाही. फार वेळ आयडलला ठेवल्याने काजळी धरते, आणि एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या गाडीत ती डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, जाऊन बसते. सकाळची बाजू मात्र लोक विसरतात. थंड गाडी सुरू करून पहिल्या अर्ध्या मिनिटात रेस दिली तर ऑइल वर पोचण्याआधीच दांडा पळू लागतो. माझ्या मते घाटमाथ्यावरच्या घाईइतकीच ही खोड वाईट.

दोघांचे आजार ओळखायला वेगळे आहेत. इंटरकूलरची नळी फाटली किंवा क्लॅम्प ढिला झाला तर दाबलेली हवा वाटेतच निसटते. चढणीला गाडी उठत नाही, मागे काळा धूर, आणि बॉनेटखालून फुस्स असा आवाज. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन हा दोष सापडेलच असं नाही, कारण लोड नसताना डिझेलमध्ये दाब फारसा तयारच होत नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून चढणीवर न्या. नाहीतर सांध्यांवरून बोट फिरवा. जिथे तेलकट धूळ चिकटलेली असेल तिथून हवा जाते. टर्बोचं बेअरिंग गेलं असेल तर आवाज शिट्टीचा, भोंग्यासारखा चढत जाणारा, धूर निळसर, आणि डिपस्टिकवर ऑइल उतरलेलं. थंड इंजिनावर हवेची नळी काढून दांडा चिमटीत धरून बघता येतो. आडवा किंचित हलला तर चालतं, कारण तो तरंगायचाच असतो. पुढे-मागे सरकला तर संपलं.

देखभालही वेगळी. इंटरकूलरला चिखल, किडे आणि उसाचं पाचट यांच्यापासून वाचवायचं. धुताना सर्व्हिसिंगवाल्याने जोरदार फवारा जवळून मारला तर पंख मिटतात आणि वारा जाईनासा होतो. पाणी हलक्या हाताने, शक्यतो आतून बाहेर. टर्बोला हवं ते वेळेवर आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल, शिवाय चांगला एअर फिल्टर. फिल्टरच्या फटीतून गेलेली धूळ हवेच्या चाकाची धार वाळूच्या कागदासारखी खाते.

खरा घोळ होतो तो इंटरकूलरमध्ये ऑइल सापडतं तेव्हा. माझ्या मामाच्या मालवाहू गाडीचं तेच झालं. नळीतून वाटीभर ऑइल निघालं. एका गॅरेजने सांगितलं, टर्बोचे सील गेले. नवा टर्बो बसला, पाच आकडी बिल झालं. दीड महिन्यात पुन्हा ऑइल. दुसरा टर्बो. तेव्हा कुठे एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ती जाड परतीची नळी काढली आणि आत बोट घातलं. पहिल्यांदा बसवताना जोडावर गॅस्केटची पेस्ट इतकी थापली होती की ती आत फुगून वाळली होती. वाट करंगळीएवढी उरली होती. ऑइल वरून दाबाने येतंय आणि खाली उतरायला जागा नाही, मग ते दांड्याच्या कडेने हवेत शिरणार. टर्बोचे सील रबराचे नसतात, पिस्टन रिंगसारख्या धातूच्या कड्या असतात. तुंबलेलं ऑइल अडवणं हे त्यांचं कामच नाही.

नळ्यांच्या आत ऑइलचा पातळ ओशटपणा असणं मात्र नेहमीचं. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, येणारी वाफ तिथे बसते, तेवढ्यावरून टर्बो बदलायला निघू नका. वाटीभर निघालं तर आधी परतीची नळी बघा, मग ब्रीदर, मग टर्बो. आणि टर्बो खरोखर गेला असेल तर नवा बसवण्याआधी इंटरकूलर उतरवून आतून धुवाच. त्यात साचलेलं ऑइल चढणीवर एकदम इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत तेव्हा ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून ते कोंडावं लागतं.

मामाने दुसऱ्या टर्बोच्या वेळी इंटरकूलर धुऊन घेतला नव्हता. मिस्त्रीने तो उतरवला आणि उलटा करून बादलीवर धरला, तेव्हा ऑइलबरोबर पहिल्या टर्बोच्या चाकाचा नखाएवढा तुकडा टणकन बादलीत पडला.