गुडघ्याची वाटी बदलल्यावर टाक्यांतून पाणी येतंय? गोळी घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्या खानापूरच्या मावशीची गुडघ्याची वाटी बेळगावात बदलली, टाके निघाले, वॉकर घेऊन अंगणात फिरायला लागली, आणि अठराव्या दिवशी बघतो तर पट्टीवर रुपयाएवढा पिवळट डाग. दुखत नव्हतं फारसं. घरच्यांनी मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या, पाणी थांबलं, सगळे निवांत, आणि दहा दिवसांनी परत पाणी, आता गुडघाबी गरम. आमच्याकडं हे घरोघरी होतं म्हणून कळकळीनं लिहितेय.

असं इन्फेक्शन तसं कमी, 100 जणांत साधारण 1-2 जणांना. पण झालं की ते साध्या जखमेसारखं नसतं बघा. औषध रक्तातून पोचतं, आणि आत बसवलेल्या धातूला, प्लास्टिकला रक्त कुठलं? स्टॅफिलोकोकससारखे आपल्याच कातडीवर राहणारे जंतू त्याला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर करतात, बायोफिल्म म्हणतात त्याला. पावसाळ्यात हौदाच्या आतल्या भिंतीला हात लावा, बुळबुळीत लागतं ना, तसलंच. वरून कितीबी पाणी ओता, जात नाही, काथ्यानं घासावं लागतं. शिवाय थराच्या आतले जंतू सुस्त पडून असतात, आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंनाच नीट मारतात. म्हणून गोळीनं पाणी थांबतं, आतलं तसंच राहतं.

घासायचं काम सर्जनचं. लवकर कळलं, म्हणजे ऑपरेशनला महिनाभरच झालाय किंवा त्रास सुरू होऊन दोन-तीन आठवडेच झालेत, तर बऱ्याचदा सांधा उघडून धुतात, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलतात आणि धातू वाचतो. उशीर झाला की बहुतेक वेळा सगळा सांधाच काढावा लागतो, मध्ये अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरून ठेवतात आणि नंतर परत नवीन सांधा, म्हणजे दोन ऑपरेशनं. त्यामुळं डाग दिसला की ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच त्याच दिवशी फोन करा.

आणि गोळी आधी नको याला अजून एक कारण हाय. सांध्यातलं पाणी सुईनं काढून कल्चरला पाठवतात, कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते त्यात कळतं. आधीच गोळ्या पोटात असतील तर बऱ्याचदा जंतू उगवतच नाही. मावशीच्या पहिल्या रिपोर्टात काहीच आलं नाही, दोन आठवडे औषध बंद ठेवून परत सुई. धुताना पाच-सहा ठिकाणचे तुकडे घेतले, तेव्हा कुठं नाव कळलं.

मग औषध किती दिवस? फ्रान्समध्ये 6 आणि 12 आठवड्यांची तुलना केली, 2021 मध्ये निकाल आला: 6 आठवडेवाल्यांत 18 टक्के लोकांचं इन्फेक्शन गेलं नाही किंवा उलटलं, 12 वाल्यांत 9 टक्के. सलाइनच लावा असा हट्टबी नको, 2019 मध्ये ब्रिटनमध्ये 1054 हाडा-सांध्यांच्या पेशंटवर बघितलं, योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी पडल्या नाहीत.

स्टॅफिलोकोकस असला की रिफाम्पिसिन देतात, टीबीतलंच औषध, त्या सुस्त जंतूंवर चालतं. एकटं कधीच देत नाहीत, जंतू लगेच सरावतात, म्हणून जोडीला दुसरी गोळी. लघवी केशरी होते, घाबरू नका. पण शुगरच्या काही गोळ्यांचा, रक्त पातळ करायच्या वॉरफरिनचा जोर ते कमी करतं, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. मावशीची शुगर तिसऱ्या आठवड्यात अशीच चढली, गोळी बदलून दिली, आणि तिनं 12 आठवडे पुरे केले, रोज कॅलेंडरवर पेन्सिलनं फुली मारत.