मूकबधिर विद्यालय समाजकल्याणकडे कसं गेलं?

मूल हाकेला ओ देत नाही, भांडं पडलं तरी दचकत नाही, हे घरच्यांच्या ध्यानात येईस्तोवर विदर्भातल्या खेड्यात दोन-तीन वर्षं सहज जातात. मग ‘बोलंल उशिरा, याचा काकाही उशिराच बोलला’ यात आणखी दोन. शेवटी गुरुजी वाट दाखवतात ती जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या मूकबधिर निवासी विद्यालयाची. ही शाळा वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाच्या टेबलावर राहिली. तिचं अनुदान, तपासणी, पदमान्यता, सगळं तिथंच. शिक्षण विभागाशी संबंध आला तर दहावीच्या परीक्षेपुरता.

याची मुळं जुनी आहेत. १८८५च्या सुमारास बिशप लिओ म्युरिन यांनी मुंबईत बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली. देशातली ही पहिली शाळा धर्मादाय कामातून आली. विदर्भाला तिचा उपयोग नव्हता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कारभारच वेगळा, मुंबई राज्यात हा भाग आला १९५६ साली. इथं जे उभं राहिलं ते संस्थांच्या आणि सेवाभावी माणसांच्या बळावर. नागपुरात शंकरनगरची संस्था, वरोऱ्याला आनंदवनातलं मूकबधिर विद्यालय, अचलपूर तालुक्यात वझ्झरचं शंकरबाबा पापळकरांचं बालगृह. पापळकरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या बालगृहाच्या नावातच मतिमंद, मूकबधिर आणि बेवारस हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. बहिरं मूल समाजाच्या लेखी कोणत्या रांगेत उभं होतं, ते त्यावरून कळतं.

वर्गात काय शिकवायचं, हे मात्र फार दूर ठरलं होतं. सप्टेंबर १८८०मध्ये इटलीतल्या मिलान इथं भरलेल्या परिषदेनं खुणांची भाषा बाजूला सारून मुलांना तोंडी बोलायलाच शिकवावं, असा ठराव केला. तो पुढं शंभर वर्षं जगभरच्या शाळांवर बसला, आपल्याही. म्हणून वाचा-प्रशिक्षणाच्या खोलीत आरसा असतो. बाई मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवतात, कंप जाणवू देतात. ओठांपुढं कागदाची पट्टी धरतात, ‘प’ म्हणताना ती हलली पाहिजे. आता आरशात बघून आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’, ‘मामा’ म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. ओठ वाचून मराठी शिकणं म्हणजे काय, ते एवढ्यावरून कळावं. मेळघाटातल्या पोराच्या घरी कोरकू, आष्टीकडं वऱ्हाडी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, आणि शाळेतले ओठ प्रमाण मराठीत हलणार. घरच्या माणसांचे ओठ त्याला पुन्हा परकेच राहणार.

मुलांनी आपली वाट काढलीच. वर्गात हात बांधलेले असले तरी वसतिगृहात जेवणाच्या पंगतीत, खेळाच्या मैदानावर हात मोकळे सुटत. मोठी पोरं लहानांना खुणा शिकवत. माझ्या मते या निवासी शाळांचं खरं देणं हेच: खेड्यात एकटं पडलेलं मूल तिथं पहिल्यांदा कुणाशी तरी पोटभर बोललं. गणवेश, भोजन, अनुदान यांची नोंद कागदोपत्री राहिली. याची राहिली नाही.

कोठारी आयोगानं १९६६मध्येच सांगितलं होतं की अपंग मुलांचं शिक्षण मूळ शिक्षणव्यवस्थेचाच भाग असावं. १९७४ला केंद्रानं एकात्म शिक्षणाची, म्हणजे अपंग मुलांना साध्या शाळेतच शिकवण्याची, योजना आणली, तीही आधी समाजकल्याण खात्यातून. शिक्षण खात्याकडं ती १९८२ला गेली. १९९५च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यानं कर्णबधिर विद्यार्थ्याला एकाच भाषेवर शिकण्याची मुभा दिली. सर्व शिक्षा अभियानापासून तालुक्याच्या गटसाधन केंद्रांतून विशेष शिक्षक गावच्या शाळेत फिरू लागले. महाराष्ट्रात २०२२ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, म्हणजे टेबल बदललं, शिक्षण विभागाचं अजून झालं नाही.

श्रवणयंत्राची गोष्ट वेगळी. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या १९८१च्या एडिप योजनेतून यंत्रं मिळू लागली. छातीवर डबी आणि वायर असलेलं जुनं यंत्र पेन्सिल सेलवर चाले, सेल गावच्या किराणा दुकानातही मिळे. कानामागचं नवं यंत्र चांगलं, पण त्याचा बटण सेल आणायला शहर गाठावं लागतं. मे महिन्याच्या घामानं ते बंद पडतं, मूल वाढलं की कानातला साचा सैल होऊन शिट्टी वाजते. मग यंत्र कपाटात.

खुणांची भाषा सरकारदरबारी आली ती आत्ताआत्ता. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत केंद्र निघालं २०१५ला, पुढच्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात या भाषेतून शिकवण्याचा उल्लेख आला आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणानं ती देशभर प्रमाणित करायचं ठरवलं. पण मुलाची भाषेची वर्षं पाचाच्या आतली. तेव्हा ते अंगणवाडीत असतं, महिला व बालविकासच्या टेबलावर. तिथं वर्षातून दोनदा तपासायला येतं ते आरोग्य विभागाचं पथक. बहिरं मूल सापडलं की पथक जिल्ह्याला पाठवतं, चाचणी होते, यंत्राचा अर्ज भरला जातो. त्याच वेळी आईला आणि अंगणवाडी सेविकेला चार खुणा शिकवायला हव्यात, आणि हे काम एका कोणत्या तरी विभागाच्या नावावर चढायला हवं.