घरात बाथरूम एकच, त्यात कुणाचं पोट बिघडलं तर? (आमच्या ग्राहकांसाठी)

चतुर्थी जवळ आली की आमच्याकडे फोन वाढतात, बाथरूम तेवढं करून द्या, मुंबई-पुण्याचे सगळे गावच्या घरी येणार आहेत. माणसं पंधरा-वीस, संडास एक, आणि नेवऱ्या, खतखतं, पातोळ्या सगळं दोन दिवसांत पोटात गेलेलं. कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतंच. आम्ही गोव्यात फोंड्याला बाथरूमची कामं करतो आणि कमोड खुर्ची (बसायला भोक, खाली बादली असते ती) भाड्याने देतो, डॉक्टर नाही, पण अशा घरांत रोजचं जाणं-येणं असल्यामुळे लोकांचं कुठे अडतं ते दिसतं, म्हणून हे लिहून देतोय.

सगळ्यात वाईट सवय आधी सांगतो. संडास लांब आहे किंवा काम चालू आहे म्हणून लोक पाणी प्यायचं कमी करतात. विशेषतः म्हाताऱ्या बायका, रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासून तोंडाला पाणी लावत नाहीत, आणि जुलाब लागलेले असताना तर "प्यायले की परत जावं लागतं" म्हणून अजूनच बंद. जुलाब न प्यायल्याने थांबत नाहीत हो, फक्त अंगातलं पाणी आणि मीठ जात राहतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. पाणी कमी करू नका, सोय जवळ आणा.

प्यायला ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं मीठ-ग्लुकोजचं पाणी, सगळ्यात बरं. मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असलं की आतडं दोन्ही एकदम आत ओढतं आणि त्यांच्या मागून पाणी जातं, जुलाब चालू असले तरी, म्हणून ते साध्या पाण्यापेक्षा जास्त कामाचं. एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्धं-अर्धं अंदाजाने नको (200 मिलीची छोटी पाकिटं पण मिळतात, मागे लिहिलेलं वाचा). पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचे चमचे, सपाट भरलेले. केलेलं 24 तासांत संपवा, उरलं तर ओतून टाका. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200, घोट घोट. दुकानात गोड ज्यूससारखे खोके मिळतात ते ओआरएस नव्हे, त्यातली जास्तीची साखर जुलाब वाढवू शकते. पेज मात्र द्या, मीठ घालून, आपल्याकडे आजारी माणसाला पेज देतात ते बरोबरच आहे.

आता सोयीचं. जुन्या घरांत संडास मागीलदारी, पावसात तिथपर्यंतच्या चिऱ्यांवर शेवाळ, वरून लाईट गेलेली. जुलाब लागलेला माणूस घाईत असतो आणि तिथेच घसरतो. त्याला रात्रीपुरती खोलीतच कमोड खुर्ची लावून द्या, भिंतीला टेकवून, पायांचे चारही रबर नीट बसलेत ना बघून, बाजूला टॉर्च आणि प्यायचं पाणी. बादलीत तळाला दोन-तीन इंच पाणी घालून ठेवा म्हणजे चिकटत नाही. रिकामी करायची ती संडासातच, गटारात किंवा माडाच्या मुळाशी नाही आणि विहिरीच्या आसपास तर अजिबातच नाही. काहींना खोलीत बसायची लाज वाटते, मध्ये एक जुनी साडी बांधा, काम होतं.

हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझर जवळ असला तरी पोटाच्या काही विषाणूंवर तो नीट चालत नाही. खुर्ची पुसायला पाच टक्केवालं लिक्विड ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात 20 मिली, आधी साबणाने घाण काढून मग हे लावून दहा मिनिटं ठेवायचं. ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र कधीच करू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत श्वास अडकतो.

टँकबद्दल थोडं. पणजी, मडगाव, वास्कोसारख्या शहरांतले काही भाग सोडले तर गोव्यात बहुतेक घरं सेप्टिक टँकवर चालतात, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की सोकपिट (टँकचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) पाणी घेत नाही. एकच भांडं तुंबलं तर बहुधा तिथलाच चोकअप, पण न्हाणी, बेसिन, संडास सगळीकडे एकदम गुडगुड वाजायला लागली की दोष टँककडे, मग ॲसिड ओतून उपयोग नाही. दोन-तीन वर्षांनी टँक उपसून घ्यायचा असतो, तो चतुर्थीच्या आधी घ्या. डायपर, पॅड, वाईप्स भांड्यात टाकू नका, पॅकेटवर काहीही लिहिलेलं असो.

बाथरूमचं काम काढताना घरात कुणाला आयबीएस (आतड्याचा जुना त्रास, ज्यात अचानक संडासला लागू शकतं) आहे का, कुणाचं नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालंय का, कुणी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन नव्याने सुरू केलंय का (त्याने सुरुवातीला बऱ्याच जणांना जुलाब होतात) हे आम्हाला आधी सांगा, संकोच करू नका. भांडं सिमेंटात बसवलं की किमान 24 तास वापरता येत नाही, तेव्हा जुनं भांडं कधी काढायचं ते त्याप्रमाणे ठरवतो आणि शेजाऱ्यांची सोय होत नसेल तर खुर्ची त्याच दिवशी आणून ठेवतो.

शौचात रक्त, जास्त ताप, पाणीसुद्धा न टिकणारी उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, यातलं काही दिसलं तर खुर्ची-बिर्ची बाजूला ठेवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात न्या, नाहीतर 108 ला फोन करा. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नये, लहान मुलांना तर नाहीच. किडनीचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि लघवीची गोळी घेणाऱ्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरला विचारावं.

खुर्ची परत देताना बादली वरच्यासारखी ब्लीचने धुऊन, उन्हात वाळवून द्या. पावसात ऊन नसेल तर ओलीच द्या, आम्ही वाळवतो, फक्त धुतलेली असू दे.