चाचेविषयक ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबरी

चाचेविषयक ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबरी हा इंग्रजी लोकप्रिय कथावाङ्मयातील एक उपप्रकार असून त्याचा वाचकवर्ग प्रामुख्याने अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथीय आहे. कथानकाचा काळ बहुधा १६५० ते १७३० च्या दरम्यानचा आणि स्थळ कॅरिबियन समुद्र, विशेषतः जमेकातील पोर्ट रॉयल किंवा बहामातील नॅसॉ असते. चाचा किंवा राजाचा परवाना घेऊन शत्रूची जहाजे लुटणारा कप्तान हा नायक, श्रद्धाळू तरुणी ही नायिका, आणि प्रेमाच्या ओघात नायकाचा पश्चात्ताप हा कथेचा कणा, असा सर्वसाधारण साचा दिसतो. शृंगाराचे वर्णन संयत असते.

या प्रकाराचे मूळ कोठे शोधावे याबाबत मतभेद आहेत. चाच्याला प्रेमकथेचा नायक करण्याचे श्रेय सामान्यतः लॉर्ड बायरन याच्या ‘द कॉर्सेअर’ या काव्याला (१८१४) दिले जाते. प्रकाशनाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या १०,००० प्रती खपल्या होत्या, त्यामुळे त्याच्या प्रभावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र बायरनचा चाचा नायक कॉनरॅड प्रेमात एकनिष्ठ असला, तरी त्याला पश्चात्ताप होत नाही आणि काव्याच्या शेवटी तो नाहीसा होतो. हृदयपरिवर्तन हे या उपप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण मानल्यास त्याचे मूळ आणखी मागे, सामान्यतः डॅनिएल डीफोची मानल्या जाणाऱ्या ‘कॅप्टन सिंगलटन’ (१७२०) या कादंबरीपर्यंत नेणे अधिक सयुक्तिक वाटते. तीत विल्यम वॉल्टर्स हा क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, शल्यवैद्य नायक सिंगलटनच्या चाच्यांच्या हाती सापडतो, पण आपल्याला बळजबरीने नेले असा लेखी दाखला आधी मागून घेतो. तो स्वतः शस्त्र धरत नाही, लढाईविषयी सल्ला मात्र देतो. पुढे तोच सिंगलटनला पश्चात्तापाकडे वळवतो आणि निराशेच्या भरात सिंगलटन आत्महत्येच्या विचारापर्यंत आला असता त्याला परावृत्त करतो. लुटीचे धन टाकून द्यावे काय, या प्रश्नावर विल्यमचे उत्तर व्यवहारी आहे : ज्यांचा त्यावर हक्क नाही अशांच्या हाती ते सोडल्याने कोणाचेच भले होत नाही, म्हणून ते जवळ ठेवून त्यातून न्याय्य ते करण्याची संधी शोधावी. अखेरीस दोघे वेषांतर करून इंग्लंडला परततात आणि सिंगलटन विल्यमच्या विधवा बहिणीशी विवाह करतो. या विवाहाला कादंबरीत अत्यल्प जागा मिळाली आहे. तेथे पश्चात्ताप आधी व प्रेम नंतर येते. आजच्या कादंबऱ्यांत प्रेमच पश्चात्तापाचे निमित्त ठरते, आणि हा क्रमबदल बायरनोत्तर अभिरुचीचा परिणाम असावा.

मूळ शोधताना चाच्यांना फाशी देताना होणाऱ्या प्रवचनांकडे दुर्लक्ष होते, हे काहीसे चमत्कारिक आहे. विल्यम किड या चाच्याला २३ मे १७०१ रोजी लंडनमधील वॅपिंग येथे फाशी देताना पहिला दोर तुटला. तेव्हा न्यूगेट तुरुंगाचा धर्मोपदेशक पॉल लॉरेन याने त्याला पुन्हा उपदेश केला आणि या वेळी त्याचे मन द्रवले, असे आपल्या वृत्तांतात नमूद केले. ज्या ‘क्वेडा मर्चंट’ या जहाजामुळे किड गोत्यात आला, ते त्याने १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ पकडले होते. बॉस्टनमध्ये कॉटन मॅदर हा प्युरिटन धर्मोपदेशक असेच कार्य करीत असे, तथापि १७२६ मध्ये विल्यम फ्लाय या चाच्याने त्याला दाद दिली नाही. उलट फासाची गाठ नीट मारता येत नाही म्हणून त्याने फाशी देणाऱ्यालाच दरडावले आणि ती स्वतःच्या हातांनी बांधली.

कादंबरीकारांना तपशील पुरवणारा प्रमुख ग्रंथ म्हणजे ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने १७२४ मध्ये लंडनला निघालेला चाच्यांचा इतिहास. हे टोपणनाव असावे. १९३० च्या दशकात अभ्यासक जॉन रॉबर्ट मूर यांनी हा ग्रंथ डीफोचा ठरवला आणि ते मत दीर्घकाळ रूढ राहिले. फर्बँक व ओवेन्स या अभ्यासकांनी १९८८ मध्ये त्यावर घेतलेले आक्षेप अधिक पटणारे आहेत. नंतर पत्रकार नथॅनिएल मिस्ट याचेही नाव पुढे आले आहे. पुरुषवेषात चाचेगिरी करणाऱ्या मेरी रीडची कथा याच ग्रंथातून प्रसृत झाली. प्रियकराचे द्वंद्व ठरल्याचे कळताच तिने त्याच्या प्रतिस्पर्ध्याशी मुद्दाम भांडण उकरून काढले, दोन तास आधीची वेळ नेमली आणि त्याला ठार केले, असे तीत सांगितले आहे. पुरुषवेषातील नायिकेचा साचा बव्हंशी येथूनच आला. याच ग्रंथात कुलाब्याच्या आंग्र्यांचाही चाचे म्हणून उल्लेख आहे. मराठी आरमाराच्या सरखेलांकडे पाहण्याची ती ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूची दृष्टी होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात जोसेफ होल्ट इंग्रॅम या अमेरिकन लेखकाने ‘लाफीत’ (१८३६) ही चाच्यावरील कादंबरी लिहिली. पुढे तो एपिस्कोपल पंथाचा धर्मगुरू झाला आणि त्याने ‘द प्रिन्स ऑफ द हाउस ऑफ डेव्हिड’ (१८५५) ही येशूच्या जीवनावरील कादंबरी लिहिली. चाचेकथा आणि धर्मकथा हे दोन प्रवाह एकाच लेखणीतून, पण वेगवेगळे वाहिले. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’मध्ये (१८५७) ते एकत्र येतात. तीत मरणासन्न चाच्याला कथानायक पापक्षमेची बायबलवचने आठवून सांगतो. ही कुमारांसाठीची कादंबरी असल्याने तीत प्रेमकथा नाही.

ब्रिटनचा राजा पहिला जॉर्ज याने सप्टेंबर १७१७ मध्ये काढलेला माफीचा जाहीरनामा आधुनिक लेखकांना विशेष सोयीचा ठरतो. वर्षभरात शरण येणाऱ्या चाच्यांना त्यात अभय होते आणि बहामाचा गव्हर्नर वुड्स रॉजर्स १७१८ मध्ये तो घेऊन नॅसॉला पोहोचला. राजाची माफी आणि ईश्वराची क्षमा यांची सांगड घालणे त्यामुळे सोपे जाते, पण माफी घेतलेले अनेक जण पुन्हा चाचेगिरीकडे वळले, हा भाग सहसा गाळला जातो. गुलामांच्या व्यापाराचे चित्रणही बहुधा पुसटच असते.

ख्रिस्ती प्रेमकादंबरीला अमेरिकेत स्वतंत्र बाजारपेठ मिळाली ती जॅनेट ओक यांच्या १९७९ मधील कादंबरीपासून, असे सामान्यतः मानतात. तिचे वातावरण गवताळ प्रदेशातील वसाहतीचे होते. सागरी शाखा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठळक झाली. मराठी ख्रिस्ती कादंबरीचा आरंभ बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) झाला. तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा असून तीतील प्रवास जमिनीवरचा आहे.