मलाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे शौच: पार्श्वभूमी

लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली मलाशयाचा कर्करोग पोटाकडून आणि गुदद्वाराकडून अशा दोन्ही बाजूंनी काढण्याची पद्धत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तिच्यात मलाशयाबरोबर गुदद्वारही जात असे आणि रुग्णाला जन्मभर स्टोमावाटे, म्हणजे आतड्याचे टोक बाहेर काढून पोटावर केलेल्या छिद्रावाटे, शौच करावे लागे. रोग पुन्हा उलटू नये, हीच तेव्हाची मुख्य चिंता होती.

पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या क्लॉड डिक्सन यांनी १९४८ मध्ये, पोटातूनच गाठ काढून आतड्याची टोके पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र ही सोय मुख्यतः वरच्या भागातील गाठींपुरती होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गोल स्टेपलर, म्हणजे आतड्याची टोके वर्तुळाकार पिनांनी जोडणारे उपकरण, रूढ झाला, तेव्हा हाताने टाके घालणे जिथे अवघड, तिथेही जोड देता येऊ लागला. १९८२ मध्ये इंग्लंडमधील बिल हील्ड यांनी मलाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढण्याचा आग्रह धरला, आणि गाठीखाली पाच सेंटिमीटर निरोगी भाग काढलाच पाहिजे हा जुना दंडकही सैल झाला. त्यामुळे जोड गुदद्वाराच्या अधिकाधिक जवळ येत गेला. स्टोमा टळला म्हणजे शस्त्रक्रिया साधली, असा हिशेब पुष्कळ काळ चालला, आणि तो अपुरा होता असे मला स्पष्टपणे वाटते.

मलाशय हा निव्वळ मार्ग नव्हे. तो ताणला जाऊन मल साठवतो, म्हणूनच शौचाची जाणीव झाल्यावरही माणसाला थांबता येते. त्याच्या जागी खाली ओढून जोडलेले मोठे आतडे तेवढे ताणले जात नाही. त्यात गुदद्वाराच्या आतल्या स्नायूला किंवा मज्जातंतूंना इजा झाली, शिवाय किरणोपचारही झाले असतील, तर नियंत्रण आणखी ढासळते. साठवण परत मिळावी म्हणून १९८६ मध्ये दोन फ्रेंच पथकांनी आतड्याचे टोक इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे दुमडून छोटी थैली करण्याची युक्ती मांडली. तिचा फायदा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ठळक दिसतो, पुढे तो ओसरतो.

रुग्णाच्या त्रासाचे सुटसुटीत मोजमाप त्याहून उशिरा आले. डेन्मार्कमधील एमर्ट्सेन आणि लाउरबर्ग यांनी २०१२ मध्ये पाच प्रश्नांची गुणपद्धती प्रसिद्ध केली. वायू आवरतो का, पातळ मल नकळत गळतो का, दिवसातून किती वेळा जावे लागते, एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावे लागते का, आणि संडासाकडे धावत सुटावे लागेल इतकी घाई होते का, हे ते प्रश्न. एकूण गुण ४२, आणि ३० पासून पुढे त्रास तीव्र मानला जातो. प्रत्येक तक्रारीला किती गुण द्यायचे, हे तिने जगण्यावर किती परिणाम होतो यावरून ठरवले गेले. त्यानुसार गळतीला जास्तीत जास्त ३ गुण आहेत, तासाभरातल्या पुन्हा जाण्याला ११ आणि घाईला १६. गळती हाच सर्वांत मोठा त्रास असणार, असे बाहेरून पाहणाऱ्याला सहज वाटले असते.

२०२० मध्ये या त्रासाची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली, आणि ती ठरवण्यात डॉक्टरांबरोबर रुग्णही सहभागी होते. तिच्यात आठ लक्षणे आणि आठ परिणाम आहेत. किमान एका लक्षणाचा किमान एक परिणाम रोजच्या जगण्यावर होत असेल, तर त्या व्यक्तीला हा विकार आहे असे धरले जाते. सतत संडास जवळ असावा लागणे, हा त्या परिणामांपैकीच एक.